म्हातारपणाचं घर बाथरूमपासून बघायला लागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तीनंतरच्या घरांवर दोन पानं मजकूर आला होता. बाग, क्लब हाऊस, योगासनांचा हॉल, बाल्कनीतून दिसणारा सूर्यास्त, सगळं त्यात होतं. बाथरूमबद्दल मात्र एक ओळही नव्हती. साठी गाठलेली माणसं असा मजकूर वाचूनच आयुष्यभराची पुंजी घरात घालतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. नोकरीतली बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात गेली. रस्त्यावरच्या अपघातात सापडून यायची ती बहुतेक तरुण मुलं. सत्तरीच्या पुढची माणसं खुबा मोडून यायची आणि ती पडलेली असायची स्वतःच्या घरात. ‘कुठं पडलात आजी?’ म्हणून विचारलं की उत्तरं जवळजवळ ठरलेली. रात्री लघवीला उठले, दिवा लावला नाही. आंघोळ करून निघाले, फरशी ओली होती. उंबऱ्याला पाय अडकला. दिवाळी जवळ आली की माळ्यावरची भांडी काढायला स्टुलावर चढलेल्या बायका यायच्या, कुणाचं मनगट गेलेलं, कुणाचा खुबा. त्या वयात खुबा मोडला की हाडावर भागत नाही. शस्त्रक्रिया चांगली होते, पण माणूस अंथरुणाला लागतो, पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, धीर सुटतो. पहिल्यासारखं हिंडायला लागलेले मी थोडे पाहिले. बाकीचे घरी गेले ते कुणाच्या तरी आधारानं दिवस काढायला.

म्हणून घर बघायला गेलात की हॉलमध्ये टेकू नका. सरळ बाथरूममध्ये जा आणि दाराची रुंदी मोजा. टेप घरून न्या. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे दार बहुतेक अडीच फुटी असतं, जुन्या इमारतींत त्याहूनही अरुंद. चौकट आणि फळीची जाडी वजा केली की जायला मोकळी जागा आणखी कमी उरते. चाकाची खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते, आणि चाक फिरवणारे हात तिच्याही बाहेर असतात. म्हणजे खुर्ची लागेल त्या दिवसापासून माणसाला तिथं उचलूनच न्यावं लागणार. घरात उचलणारं कोण असेल? बहुतेक घरांत सत्तरीचीच दुसरी व्यक्ती.

दुसरं बघायचं ते दार कुठल्या बाजूला उघडतं. आत उघडणाऱ्या दारामागं माणूस पडला तर दार त्याच्याच अंगावर अडतं. बाहेरून जोर लावावा तर त्याला लागतं, आणि आतून कडी असतेच. दार फोडून बाहेर काढलेले रुग्ण आमच्याकडं आलेत. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं आणि कडी अशी हवी की अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्यानं फिरवता यावी. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्का रोवलेला दांडा हवा. टॉवेलच्या रॉडवर विसंबू नका, तो माणसाचं वजन पेलत नाही, स्क्रूसकट हातात येतो. फरशी खरखरीत हवी. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात दीड-दोन इंचांची पायरी ठेवलेली असते, ती काढायला लावा. उतार नीट दिला तर पाणी बाहेर येत नाही, हे कुठलाही चांगला गवंडी सांगेल.

हे सगळं मी एकटीच सांगते आहे असं नाही. ज्येष्ठांसाठी म्हणून जे गृहप्रकल्प बांधले जातात त्यांना महारेरानं, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, 2024 मध्ये नियम घालून दिले. दारं किमान 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट रुंद. उंबरे नकोत. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नाहीत. चाकाची खुर्ची आत जाईल अशी लिफ्ट आणि वीज गेल्यावर ती चालवायची सोय. बाथरूममध्ये दांडे, न घसरणारी फरशी. नियम वाचून मला फार बरं वाटलं. पण ते लागू होतात ‘ज्येष्ठांसाठी’ अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना, आणि असे प्रकल्प मुख्यतः पुण्या-मुंबईच्या आसपास. सांगलीत, इचलकरंजीत, कराडला म्हातारी होणारी माणसं साध्याच इमारतींत म्हातारी होणार. चाळिशीत कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटमध्येच त्यांना सत्तरी गाठते. मग त्यांच्या वाट्याला अडीच फुटी दार का? बांधतानाच दार तीन फुटी केलं तर खर्चात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. नंतर रुंद करायचं म्हटलं की भिंत फोडा, टाइल्स बदला, आणि तिथं नेमका आरसीसीचा कॉलम निघाला तर ते करताच येत नाही.

सांगलीकरांपुढे याहून अवघड प्रश्न आहे आणि तो पुण्याच्या जाहिरातीत कधी यायचा नाही. गुडघे म्हणतात तळमजला घ्या, कृष्णा म्हणते वर चढा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याआधी 2005 चा पूर होता, त्यानंतर 2021 चा आला. आमचं सासरचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत. दगडी ओटा, माजघर, वर जायला उभा लाकडी जिना. 2019 ला माजघरात पुरुषभर पाणी होतं. आमच्या गल्लीत वरच्या मजल्यांवर अडकून पडली ती बहुतेक म्हातारी माणसंच. तरुण मंडळी पोराबाळांना घेऊन आधीच पाहुण्यांकडं निघून गेली होती. म्हातारी माणसं म्हणत राहिली, 2005 ला पायरीपर्यंतच आलं होतं, इथं काय येतंय. शेजारच्या काकू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीला साडीनं बांधून चार मुलांनी त्या अरुंद जिन्यावरून उतरवलं आणि बोटीत घातलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली तेव्हा त्यांच्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना वाटतं, आपण तिसऱ्या मजल्यावर, आपल्याला काय होतंय. पाणी चढायला लागलं की त्या भागाची वीज बंद करतात आणि ती करावीच लागते. वीज गेली की लिफ्ट बंद, टाकीत पाणी चढवणारा पंप बंद. जनरेटर असला तरी तो पार्किंगमध्ये, म्हणजे पाण्याखाली. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं की पूर ओसरल्यावरही दुरुस्तीशिवाय ती सुरू होत नाही. मधुमेह असलेल्या माणसाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं आणि फ्रीज बंद पडलेला. खाली बोट आली तरी उतरायचं कसं, हा प्रश्न पहिल्या मजल्यालाही आहे आणि चौथ्यालाही.

म्हणून या शहरात मजला नंतर बघायचा, आधी जागा. ‘2019 ला या रस्त्यावर पाणी किती होतं?’ हे समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, पानपट्टीवाल्याला विचारा. तो भिंतीवरची खूण दाखवतो. मग निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून लांब आहोत एवढ्यावरही समाधान मानू नका. शामरावनगरसारख्या सखल भागात नदीचं पाणी आलं नाही तरी पावसाचं साचून राहतं. गुडघाभर चिखलातून वॉकर चालत नाही, रुग्णवाहिका तर गल्लीच्या तोंडालाच थांबते.

आम्ही गावभाग सोडून विश्रामबागच्या बाजूला आलो. माझ्या यजमानांना ते जड गेलं. त्यांचा जन्म त्या माजघरातला. गणपतीचं देऊळ, हरभट रोड, ओळखीचा न्हावी, रोजचा चहा, सगळं पायाखालचं. ‘अजून धडधाकट हिंडतोय-फिरतोय, काय घाई आहे?’ असं ते म्हणायचे आणि मी म्हणायचे, अहो, हिंडताय-फिरताय म्हणूनच आत्ता. मी वॉर्डात काय बघत आले होते ते त्यांना सांगत बसायचे. डिस्चार्जचा दिवस. कॉटवर बाबा आडवे पडलेले, पायाशी दोन मुलगे आणि जावई, सगळे चार दिवसांची रजा काढून आलेले. ‘यांना आता कुणाकडं न्यायचं?’ ही चर्चा बाबांच्या अंगावरून चाललेली आणि बाबा छताकडं बघत असलेले. मुलं वाईट नसायची. वेळच तशी यायची की बाबांना कुणी विचारत नसे. आपल्याला कुठं राहायचं हे आपण स्वतः ठरवावं, त्यासाठी पायावर उभं असतानाच ठरवावं लागतं, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

विकत घ्यायच्या आधी आम्ही त्याच भागात भाड्यानं राहून बघितलं. हे मी प्रत्येकाला सांगते. भाड्यानं राहिल्याशिवाय कळत नाही की रात्री कोपऱ्यावर रिक्षा मिळते का, औषधाचं दुकान किती वाजता बंद होतं, भाजीवाली दारावर येते की मंडईपर्यंत जावं लागतं, संध्याकाळी चालायला फूटपाथ मोकळा आहे की त्यावर गाड्या लावलेल्या असतात. शेजारी जाता-येता हाक मारतात का, हेही राहूनच समजतं. यजमानांना तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघात रोज भेटणारी मंडळी मिळाली आणि त्यानंतरच त्यांनी घराच्या कागदांवर सही केली. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, तळमजला मागूनही मिळाला नाही. नव्या इमारतींत खाली पार्किंग असल्यामुळे तळमजल्याचे फ्लॅट आता जवळजवळ संपलेच.

त्यामुळे लिफ्ट आली आणि लिफ्टबद्दल मला बरंच बोलायचं आहे. आधी बघा, गेटपासून लिफ्टपर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं का. बऱ्याच इमारतींत लिफ्टच्या दाराशी पोचायलाच तीन-चार पायऱ्या असतात, शेजारी स्कूटर चढवायची उभी पट्टी आणि तिलाच रॅम्प म्हणायचं. एक फूट चढायचं असेल तर उतार बारा फूट लांब हवा, तेव्हा खुर्ची ढकलणाऱ्याचा हात सुटत नाही. चार माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावत नाही. बसून जाता येतं त्याला खुर्चीवर बसवून नेतात, पण मणक्याला मार लागला असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर त्याला तसं बसवता येत नाही. मग जिना. मग जिन्याचं वळण किती रुंद आहे, हा प्रश्न जिवाशी येतो. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन उघडते का, हे बिल्डरच्या माणसाला समोर मेन स्विच बंद करून दाखवायला सांगा. आम्ही सांगितलं होतं. त्याला ते आवडलं नाही, पण त्यानं दाखवलं.

जुनं घर पुनर्विक्रीत घेत असाल तर सोसायटीची इतिवृत्ताची वही वाचायला मागा. पहिल्या मजल्यावरचे सभासद ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही’ म्हणून पैसे नाकारतात आणि लिफ्ट महिनोन्‌महिने बंद पडून राहते, असं अनेक ठिकाणी होतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत लिहिलेलं आहे की लिफ्टच्या देखभालीचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, वापरोत किंवा न वापरोत. हे सभेत वाचून दाखवणारा एक तरी माणूस तिथं आहे का, ते वहीवरून कळतं.

दवाखान्याच्या बाबतीत सांगली-मिरजेचं नशीब थोर. वानलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभं केलं तेव्हापासून लांबलांबचे लोक तिथं उपचाराला येतात. आपल्याच जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागात घर बांधून राहायला जाणाऱ्यांना मात्र मी पुन्हापुन्हा विचारते, रात्री छातीत दुखलं तर गाडी कोण चालवणार? गावाकडची मोकळी हवा, चुलत्या-पुतण्यांची सोबत, अंगणातली झोप याला तोड नाही आणि ज्यांची माणसं तिथं आहेत त्यांनी जरूर जावं. पण पुतण्या पुण्याला कामाला आणि गावात फक्त बांध शिल्लक, अशी परिस्थिती असेल तर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आजारी बायकोजवळ बसून राहण्याचा दिवस येतो. 108 ला फोन लावला तरी तिथून मोठ्या दवाखान्यापर्यंतचं अंतर काही कमी होत नाही.

आमचा मुलगा पुण्यात असतो. ‘आई, तुम्ही दोघं इकडंच या,’ असं तो मनापासून म्हणतो आणि सूनबाईही म्हणते. त्यांचा फ्लॅट उंच इमारतीत आहे, लिफ्ट उत्तम, दारं रुंद. दोघं सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री येतात. तिथं आम्ही जाऊन राहतो, नातवाचं करतो, पण महिन्याभरात यजमान गप्प गप्प होतात. तिथं त्यांना नावानं ओळखणारं कुणी नाही. रस्ता ओलांडायचा म्हटलं तर भीती वाटते. पुढं कधी एकटीनं राहायची वेळ आली तर मी काय करीन ते तेव्हा बघू, आज तरी घर इथं आहे आणि मुलगा इथं येतो.

घराच्या नावाबद्दल थोडं लिहिते, कारण वॉर्डात हे दुःख ऐकलेलं आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. त्यामुळे ‘नंतरची कटकट नको’ म्हणून आई-वडील हयातीतच घर देऊन टाकतात. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली झालेल्या कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली नाही तर परत मागता येते. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. पण ती अट असायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून द्यायचंच असेल तर अट कागदावर शब्दांत घाला. खरं तर मृत्युपत्र करा. ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं, घर शेवटपर्यंत आपलं राहतं आणि आपण गेल्यावर मुलांचं होतं. मुलांवर विश्वास आहे म्हणूनही हे करता येतं.

वृद्धाश्रमाबद्दल आपल्याकडं अजून कुजबुजत बोलतात. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या मर्जीनं गेल्या आणि तिथं त्या आनंदात आहेत. फक्त जाण्याआधी एक गोष्ट विचारा, ती जाहिरातीत नसते. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाची अट असते की माणूस स्वतःची कामं स्वतः करणारा हवा. आज तुम्ही करता. पाच वर्षांनी अंथरुणाला खिळलात तर ते ठेवून घेतात की नातेवाइकांना फोन करतात? रात्री किती माणसं कामावर असतात, त्यांत प्रशिक्षित कुणी आहे का? अनामत रक्कम किती दिवसांत आणि किती कापून परत मिळते? तोंडी उत्तर घेऊ नका. रात्रीच्या वेळी एकदा जाऊन या. दिवसा सगळीकडंच फुलं असतात.

आमच्या महापालिकेकडं माझं मागणं थोडं आहे. महारेरानं ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी जे सांगितलं त्यातलं निदान तीन फुटी बाथरूमचं दार, बाहेर उघडणारी किंवा सरकती फळी आणि गेटपासून लिफ्टपर्यंत पायरीविना वाट, एवढं प्रत्येक नव्या इमारतीच्या नकाशात बघितल्याशिवाय परवानगी देऊ नये. नियमांत बदल राज्य सरकारनं करायचा असेल तर महापालिकेनं ठराव करून तो मागावा. पूर येणाऱ्या भागांत जनरेटर आणि लिफ्टचे वीजफलक पार्किंगमध्ये बसवू देऊ नयेत, वर चढवावेत. विजेच्या खांबांवर 2019 ची पाण्याची पातळी रंगवून ठेवावी. घर बघायला आलेल्या परक्या माणसाला दुकानदाराला विचारण्याचीही गरज पडू नये. आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कुठल्या घरात, कितव्या मजल्यावर आहेत याची यादी प्रत्येक प्रभागात दर वर्षी मे महिन्यात व्हावी. आरोग्य खात्याच्या आशा सेविका घरोघर जातातच, त्यांना हे माहीत असतं. त्यांना या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. यादी असेल तर पहिली बोट त्या घरापाशी जाईल, आणि बोटीची वेळ यायच्या आधीच त्या माणसाला हलवता येईल.

आपल्याला विनंती अशी की घरांवरची पुढची पुरवणी पावसाळ्याआधी निघणार असेल तर तिच्यात निळ्या-लाल पूररेषांचा प्रभागवार नकाशा, वाचता येईल एवढ्या मोठ्या आकारात छापावा. पाटबंधारे खात्याकडून तो मिळू शकेल. शेजारी बाथरूमच्या दाराचं एक साधं रेखाचित्र छापलंत तर त्यातली मापं बघून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
विश्रामबाग, सांगली